आप्पांचे मासे

आप्पा, तुमचे मासे माझ्या हातून गेले. कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागात चित्रकाराची नोकरी करत असताना कावेरीतल्या माशांची जी चित्रं तुम्ही घरी बसून काढलीत, ती सगळी. तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली, तरी हे सांगायला मला दुसरं कुणी नाही. आईला तर मुळीच सांगता येत नाही.

रविवारी सकाळी तुम्ही कृष्णराजनगरहून ओल्या फडक्यात मासा गुंडाळून आणायचात. नजरबादच्या आपल्या घरात नीट उजेड फक्त स्वयंपाकघरात यायचा, म्हणून मासा तिथेच, खिडकीखाली ताटात. चित्र होईपर्यंत त्याला सुरी लावायची नाही. आई मसाला वाटून बसलेली असते, मधूनच अर्ध्या कानडीत म्हणते, "आय्ता? झालं का? वास मारायला लागला हो." तुम्ही टाचणीच्या टोकानं एकेक खवला मोजत असता, तुम्हाला ऐकूच येत नाही. मी नऊ वर्षांची, शेजारी बसून वहीत तोच मासा काढते. माझं झालं तेव्हा तुम्ही विचारलंत, "खवले मोजलेस?" मी म्हटलं, "अंदाजे काढले." तुम्ही वही मिटून परत दिलीत. "मग हा मासा नव्हे, तुझ्या मनातलं काहीतरी आहे." त्यानंतर मी तुमच्याजवळ चित्र काढायला बसले नाही. तुम्हीही बोलावलं नाहीत.

आता मी बन्नीमंटपच्या बाजूला एका अ‍ॅनिमेशन स्टुडिओत काम करते. मुलांसाठी नदीवरची फिल्म करायची ठरलं, तेव्हा तुमचे मासे घेऊ या असं मीच सुचवलं. एकेक कागद आणून मोठ्या आकारात स्कॅन केला. ब्रशचा केस न् केस दिसत होता. मग चित्रं अ‍ॅनिमेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये घेताना त्यानं विचारलं, मूळ आकार ठेवायचा की चौकटीत बसवायचा? मोठ्या चित्रांनी मशीन दर वेळी अडकत होतं. मी कंटाळले होते. चौकटीत बसव म्हटलं. पडद्यावर बोटभर मासे छान पोहायला लागले, ते पाहून मला वाटलं, झालं काम. जागा हवी होती म्हणून मोठे स्कॅन पुसून टाकले आणि कागद आईच्या पेटीत परत ठेवले.

काही दिवसांनी आईचा फोन. "पेटीला वाळवी लागलीय गं. त्यांची चित्रं आली ना सगळी तुझ्या कॉम्प्युटरात?"

"आली."

"हौदा, खरंच? एकही राहिलं नाही ना?"

"नाही गं, सगळी आली."

तिनं ते कागद न्हाणीतल्या बंबात घातले. पेटीशेजारचं कपाट वाचलं, हे तिनं मला किती समाधानानं सांगितलं!

महिनाभरानं ठरलं की महाशीर मासा अगदी जवळ येताना दाखवायचा, पडदाभर. मी चित्र मोठं केलं आणि खवल्यांचे चौकोन झाले, धुरकट, एकात एक मिसळलेले. शेजारची सहकारी पुण्याहून इथे आलेली आहे. ती वाकून बघत म्हणाली, "मॅडम, आत घेतानाच लहान झालंय हे. मूळ आकारात घ्यायला हवं होतं. पुन्हा स्कॅन करा ना, त्यात काय एवढं?"

"मूळ नाहीये."

"फाइल नसेल, पण कागद तर असेल ना?"

मी उठून तोंड धुवायला गेले.

पुढचे दोन महिने मी तुमचे मासे पुन्हा काढले, त्या धुरकट आकारांवर. कृष्णराजनगरला जाऊन जे मिळाले ते विकत आणले, मोजले. काहींची चित्रं दाखवली तर कोळीणबाई हसली. "हे आता नाही येत जाळ्यात, अक्का. खूप वर्षं झाली." ते मी अंदाजे काढले. फिल्ममध्ये ते तुमच्या नावावर पोहतात. मुलं बघतील आणि मासा असाच असतो असं समजतील. तुम्हाला हे सहन झालं नसतं, मला माहीत आहे. मलाही होत नाही. पण नाव काढा असं मी कुणाला म्हटलेलं नाही.

गेल्या आठवड्यात आईला फिल्म दाखवली. ती पडद्याच्या अगदी जवळ गेली. "नोड, शेपटीचं वळण बघ. हा त्यांचाच हात. दुसऱ्या कुणाला जमायचं नाही हे." ते शेपूट पूर्ण मी काढलेलं होतं. खरं सांगितलं तर बंबातले कागद तिला जन्मभर छळतील, म्हणून गप्प बसले, असं मी स्वतःला सांगत असते. हे पत्र कुठे जायचं नाही, म्हणून इथे लिहून टाकते. त्या क्षणी मला ना कागद आठवले, ना तुम्ही. मला फार बरं वाटलं, आप्पा.