जास्तीची चौदा माणसं

सोमवार, १० नोव्हेंबर
सुट्टी संपली. नवी वही, नवं पेन, नवा मी.
प्राचार्यांनी बोलावून घेतलं. माझा इंडस्ट्रियल इंजिनिअरिंग हा ऐच्छिक विषय पुढच्या सत्रात ठेवायचा तर किमान वीस मुलं हवीत. आजची नोंदणी अकरा. वीस झाली नाहीत तर विषय बंद, आणि माझी बदली संस्थेच्या वैभववाडीच्या तंत्रनिकेतनात, पहिल्या वर्षाला ड्रॉइंग शिकवायला. शिवाय १३ डिसेंबरला बाहेरची समिती येणार आहे, नावीन्यपूर्ण अध्यापन बघायला. मोंडकर, काहीतरी करा, म्हणाले. मी म्हटलं, सर, माझ्याकडे कल्पनांचा तोटा नाही. खरंच नाही. मुलांचाच तेवढा आहे.
संकल्प: आजपासून खडूला हात लावायचा नाही.

मंगळवार, ११ नोव्हेंबर
फ्लिप्ड क्लासरूम सुरू करतोय. मुलांनी लेक्चर घरी व्हिडिओवर बघायचं, वर्गात फक्त चर्चा. नोटीस लावली: 'उद्यापासून २०४ फ्लिप्ड.' संध्याकाळी चार व्हिडिओ केले. लीलाने पहिला पाहिला. म्हणाली, "तुमी हात किती हलवतास, ढोरां हाकल्यासारके." बायको प्राथमिक शाळेत शिकवते. तिला मोठ्या मुलांची कल्पना नाही.

बुधवार, १२ नोव्हेंबर
शिपाई बाबूने नोटीस वाचून २०४ मधली सगळी बाकं मागच्या भिंतीकडे तोंड करून लावली. विचारलं तर म्हणतो, "तुमीच लिवलास मां, फिलिप करा म्हणान." रागावलो नाही. मागच्या भिंतीला टेकून शिकवलं. मागच्या बाकावरची मुलं आयुष्यात पहिल्यांदा पुढे आली. यावर एक पेपर होऊ शकतो.
व्हिडिओ एकूण नऊ वेळा पाहिले गेले. त्यातले सात वेळा मी.
नोंदणी दहा. एक कमी कसा झाला ते कळत नाही.

शनिवार, १५ नोव्हेंबर
खेळातून शिक्षण. कागदी विमानांची असेंब्ली लाइन लावली. उत्पादन अपेक्षेपेक्षा जास्त. डिलिव्हरी प्राचार्यांच्या केबिनपर्यंत झाली. त्यांनी एक विमान उघडून बघितलं, तो माझ्याच नोट्सचा कागद होता. सोमवारपासून खेळ बंद. मोठ्या कल्पनांना सुरुवातीला विरोध होतोच.

मंगळवार, १८ नोव्हेंबर
शेवटच्या वर्षाची अलीजा तासानंतर थांबली. वर्गात माझं बोलणं संपेपर्यंत जागी असणारी ती एकटीच. म्हणाली, "सर, काम बगूचां तर कामाच्या जाग्यार चला. तोंडवलेक रापण आसा."
होडीने समुद्रात अर्धवर्तुळात जाळं टाकायचं आणि त्याचे दोन्ही दोर किनाऱ्यावरून माणसांनी ओढायचे, म्हणजे रापण. माणसं आहेत, हालचाली आहेत, वेळ आहे. टाइम स्टडीसाठी, म्हणजे कामाचा वेळ मोजायला, याहून चांगलं काय असणार? मला हे गेल्या वर्षीच सुचलं होतं. बोललो नव्हतो इतकंच.

शनिवार, २२ नोव्हेंबर
पहाटे कॉलेजच्या बसने तोंडवली. बावीस मुलं आली! वर्गात दहा, किनाऱ्यावर बावीस. आंघोळीचे कपडे का आणले होते ते विचारलं नाही.
फॉर्म मी स्वतः तयार केला आहे. रकाने चार: ओढतो, चालतो, थांबतो, नुसताच धरतो. रापणीचे प्रमुख जयराम तांडेल. साठीचा माणूस, पाय उघडे, आवाज कॉलेजच्या माइकपेक्षा मोठा. माझं स्टॉपवॉच बघून म्हणाले, "सरांनू, तुमचां घड्याळ बरां आसा. दुसरो हात मोकळो आसा मां? लावा दोराक." एका हातात घड्याळ, दुसऱ्या हातात दोर. असा टाइम स्टडी जगात कोणी केला नसेल.
मासळी आल्यावर तिथेच वाळूत वाटे घातले. मी नको म्हटलं. तांडेल म्हणाले, "जेणां दोराक हात लावल्यान, तेका वाटो." सात बांगडे मिळाले. माझ्या संशोधनावर लीला पहिल्यांदाच खूश झाली.
नोंदणी सोळा.

सोमवार, २४ नोव्हेंबर
आकडे हातात आले आणि अंगावर काटा आला. दोरावर अडतीस माणसं. त्यातली खरोखर ओढणारी चोवीस. चौदा जास्तीची! म्हातारे, दोन विधवा बायका, एक लंगडणारे भाई. कोणी मागे उभं राहून नुसता दोर धरतंय, कोणी ओरडतंय. छत्तीस पूर्णांक आठ टक्के मनुष्यबळ वाया. समितीला हेच दाखवायचं. 'लीन रापण', म्हणजे जास्तीचं काहीही नसलेली. नाव मीच दिलं.
मुलांचे फॉर्म तपासले. अलीजाने चुका केल्यात. क्रमांक ३१, रहमतुल्ला, वय ७८, यांच्यापुढे चारही रकाने रिकामे ठेवून खाली लिहिलंय: 'दोर गुंडाळतात. बावन्न मिनिटं. सरांच्या फॉर्ममध्ये याला रकाना नाही.' आणि शेवटी स्वतःच एक क्रमांक वाढवलाय. '३९. सर. नुसताच धरतो. बावन्न मिनिटं. वाटा: सात बांगडे.'
वर्ग हसला. मी शांतपणे सांगितलं की निरीक्षकाला मोजत नाहीत. ती म्हणाली, "पण सर, वाटो घेवक मोजलानी मां?" फॉर्म दुरुस्त करायला परत दिला. तिने तसाच परत आणून दिला.

शनिवार, २९ नोव्हेंबर
तांडेलना भेटलो. चार्ट वाळूत पसरून समजावलं. त्यांनी सगळा ऐकला. मग विचारलं, "ही चवदा माणसां घराक बसयली तर तेंच्या घरात कालवण खंयसून येतला?" मी म्हटलं, तो सामाजिक प्रश्न झाला, इंजिनिअरिंगचा नाही. त्यांनी चार्टावरची वाळू झटकली. विचार करत असावेत. शेवटी हसून म्हणाले, "बरां. एक दिस बगूया तुमचां."
जिंकलो.
भाईंचा पाय होडीवर निकामी झाला, त्या दोघींचे नवरे समुद्रावर गेले ते आले नाहीत, असं परतताना सोबत आलेल्या बाबूने बसमध्ये सांगितलं. वाईट वाटलं. पण आकड्यांपुढे भावना आणायच्या नसतात.

शुक्रवार, १२ डिसेंबर
बॅनर आला. 'लीन रापण: शून्य अपव्यय.' नोंदणी एकोणीस. एकच हवा. उद्यानंतर रांग लागेल. समितीला शहाळी सांगितली आहेत. चौदा जणांना घरी थांबायला तांडेलनी सांगितलं आहे. दाढी केली.

शनिवार, १३ डिसेंबर, दुपारी ३
लिहायला हात दुखतोय.
सकाळी सगळं वेळेत. समितीचे तिघे बूट घालूनच किनाऱ्यावर उतरले. चोवीस माणसं दोरावर, चोवीसच. पहिली अकरा मिनिटं माझ्या आयुष्यातली सर्वोत्तम.
मग ओढलेला दोर मागे साठायला लागला. तो गुंडाळायला कोणी नव्हतं. ओढणाऱ्यांच्या पायांत त्याची गाठ बसली. उजवी बाजू पुढे आणि डावी मागे पडली, कारण कोणती बाजू ढिली पडतेय ते मागून ओरडून सांगणारं कोणी नव्हतं. ते ओरडणं मी 'थांबतो' मध्ये टाकलं होतं. त्यात आजच मासळी भरपूर. जाळं जागचं हलेना. तांडेल ओरडले, "सरांनू, माणसां व्हयी!" मी मुलांना पाठवलं. मग बाबूला. मग समितीच्या अध्यक्षांनी बूट काढले. माझ्याकडे बघत काढले. पाच मिनिटांत ते दोराच्या वेढ्यात अडकून बसले, कमरेपर्यंत पाण्यात.
जाळं एका बाजूने उचललं गेलं आणि मासळी त्या बाजूने जायला लागली. सकाळची सगळी मेहनत डोळ्यांदेखत पाण्यात परत जात होती. दोर ओढतानाही मी स्टॉपवॉच चालूच ठेवलं होतं. का, ते माहीत नाही.
सुरूच्या झाडांखाली ते चौदा जण बसले होते. घरी कोणी थांबलंच नव्हतं. कोणी बोलावलं नाही, ते उठून आले. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे रहमतुल्ला सगळ्यांत पुढे. त्यांनी आधी अध्यक्षांचे पाय सोडवले, मग दोराची गाठ. दोन्ही बाजू सारख्या झाल्या. निम्मी मासळी वाचली.
रहमतुल्ला घामाघूम होऊन वाळूत बसले तेव्हा अलीजा धावत पाणी घेऊन गेली. "आजा, घे गपचूप," म्हणत होती. तिचे आजोबा. महिनाभर तिने मला हे सांगितलं नाही.
वाटे घातले तेव्हा तांडेलनी चौदा जणांचे आधी घातले. मग अध्यक्षांचा. माझाही घातला. मी घेतला नाही.

रविवार, १४ डिसेंबर
वारा विरुद्ध दिशेचा होता. समितीने बूट उशिरा काढले. बॅनर उडाल्याने लक्ष विचलित झालं. एका प्रयोगावरून निष्कर्ष काढणं अशास्त्रीय.
जेवताना लीलाने विचारलं, त्या म्हाताऱ्यांची माफी मागितलीत काय? मी म्हटलं, अहवालात उल्लेख करीन. तिने ताट उचललं.
संध्याकाळी एसटीने तोंडवलीला गेलो. रहमतुल्लांच्या घरी चहा घेतला. माफी मागितली. त्यांना कशाबद्दल ते कळलंच नाही, किंवा कळलं आणि त्यांनी दाखवलं नाही. मला फार लाज वाटली. परतीची शेवटची एसटी चुकणार होती, अलीजाने रिक्षा थांबवून दिली.

मंगळवार, ६ जानेवारी
समितीचा अहवाल. विषय चालू ठेवावा, अशी शिफारस! नोंदणी एकतीस! प्राचार्यांसमोर टेबलावर हात आपटला.
मग पुढचं पान. 'प्रात्यक्षिक तोंडवलीच्या किनाऱ्यावरच घ्यावे. मार्गदर्शक म्हणून श्री. जयराम तांडेल व श्री. रहमतुल्ला यांना निमंत्रित करावे. विद्यार्थिनी अलीजा हिने नव्याने तयार केलेला निरीक्षण फॉर्म वापरावा.' त्यात आता नऊ रकाने आहेत. गुंडाळणे, बाजू सांगणे, वाट बघणे, असे सगळे.
माझ्याबद्दल काही वाईट लिहिलेलं नाही. माझ्याबद्दल काहीच लिहिलेलं नाही.
प्राचार्य म्हणाले, वैभववाडीला ड्रॉइंगला माणूस नाहीच आहे, मोंडकर. आवाज मऊ होता. मी म्हटलं, बदल मला आवडतो.
आवडत नाही.

सोमवार, १९ जानेवारी, वैभववाडी
पहिला तास. मुलं चौतीस. फळ्यावर खडूने सरळ रेषा काढली आणि तिला काटकोनात दुसरी. कोणी हसलं नाही, कोणी झोपलं नाही.
तास संपल्यावर गौरजा नावाची मुलगी पुढे आली. तिने विचारलं, सर, तुम्ही मालवणच्या बाजूचे ना? आपल्या संस्थेच्या तिकडच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला रापणीचा विषय घेता येतो म्हणतात, इथलं झालं की मी तेवढ्यासाठीच तिथे नाव घालणार आहे. ते जयराम सर तुमच्या ओळखीचे आहेत काय, कसे शिकवतात?
मी म्हटलं, कडक आहेत, पण चांगलं शिकवतात. एक दिवस मी त्यांच्याकडे होतो.