उल्हासनगरची पेटी

आप्पा, आज मी कंपनीच्या गोडाऊनमध्ये, मालकासमोर, चपला काढून एका पेटीवर चढले आणि उडी मारली. कोणाकडून शिकले ते तुम्हाला ठाऊक आहे.

तुम्ही गेलात तेव्हा मी कॉलेजात होते, म्हणून सांगते. अंबरनाथ एमआयडीसीत वेल्डिंगचे जोड तपासणाऱ्या कंपनीत मी सुरक्षा अधिकारी आहे. डॉक्टर हाडांचा एक्स-रे काढतात तसा आम्ही लोखंडी पाइपांचा काढतो, आणि त्याला किरणोत्सारी सोर्स लागतो. बोटाच्या पेराएवढाही नसतो, पण उघडा पडला तर माणूस जायबंदी होतो. तो कमजोर झाला की पुरवठादाराकडे परत पाठवायचा, तोही सरकारी मंजुरी असलेल्या पेटीतूनच. आमच्या पेटीची मंजुरी संपली. नवी मागवून महिने झाले. फोन केला की "मॅडम, वेटिंग आहे." मेल केला की तेच. जुना सोर्स जाईना म्हणून नवा येईना, कामं अडली, आणि मालक रोज माझ्या टेबलाशी येऊन उसासे टाकतो. पेटीवाल्यांच्या नावाने बोटं मोडून मोडून माझीच बोटं दुखायला लागली.

शेवटी मालकाने उल्हासनगर गाठलं, तिथे कशाचीही नक्कल बनवून मिळते. आज तिथला फॅब्रिकेटर पेटी घेऊन हजर. "मॅडम, सेम टू सेम. उलट पत्रा जाडा टाकलाय. मंजुरीची प्लेटपण मारून देतो, टेन्शन कायको?" मी सही करेना, तसा मालक म्हणाला, "तुझ्या वडिलांनी जन्मभर पेट्या ठोकल्या, आणि तू एक पेटी पास करत नाहीस?"

तेव्हा मला तुमचाच राग आला. विठ्ठलवाडीच्या शेडमध्ये तुम्ही नमुना नुसता बघून पेटी बनवायचात आणि तिच्यावर उडी मारल्याशिवाय कोणाला द्यायचा नाहीत. मी डबा घेऊन आले की म्हणायचात, "चढ, तूपण मार." कोणी सर्टिफिकेट मागितलं की फटकारायचात, "कागद ओझं उचलत नाही, पेटी उचलते." हे ऐकत मी वाढले आणि आता कागदांवर सह्या करून पोट भरते. आईची तांदळाची पेटी अजून स्वयंपाकघरात आहे. तुमच्या हातची. कुठे कुरकुरत नाही.

तर मी उडी मारली. पेटी हलली नाही, आप्पा. झकास पेटी होती. पण मंजुरीआधी असल्या पेटीचा नमुना उंचावरून आपटतात, आगीत ठेवतात. तिथे माझ्या उडीला कोण विचारतो? शेजारी आमचा वांगणीचा ड्रायव्हर उभा होता. त्याच्याच गाडीतून ती जायची. "ताई, तुम्ही बोलता तर नेतो," तो म्हणाला. त्याने पेटीकडे बघितलंसुद्धा नाही, माझ्याकडे बघितलं.

"नको नेऊस," मी म्हणाले. मालक उद्यापासून दुसरा अधिकारी शोधणार आहे. शोधू दे. सोर्स कुलपात आहे आणि किल्ली आत्ता माझ्या पर्समध्ये आहे.

हे पत्र कुठे टाकणार? घडी करून तांदळाच्या पेटीखाली ठेवते. एवढंच कबूल करते, आजची ती पेटी तुमच्या हातची असती, तर मी ड्रायव्हरला "ने" म्हणाले असते.