मरणाला वन्समोअर

८ फेब्रुवारी १९८७, रविवार
कल्याणला दिनूचं नाटक. धाकटा भाऊ म्हणून जाते; त्याची पन्नाशी आली, डोकं अजून शाळकरी पोराचं. वीज गेली, पडदा उशिरा उठला, लोक आधीच तापलेले. शेवटी म्हातारा मरतो. दिनू मरून पडला आणि मागून आरोळी, "वन्समोअर!" हशा, शिट्ट्या.
प्रेत उठलं. तरातरा पुढे आलं. "कोण रे तो? मरतो परत! पण बसून बघायचं. दारं लावा!"
आणि खरंच मेला की पुन्हा, सगळ्या संवादांसकट. अर्धे लोक शिव्या घालत गेले, उरलेले चिडीचूप. दुसऱ्यांदा जास्त चांगला मेला. हे त्याला सांगणार नाही.

९ फेब्रु.
अजून संताप जात नाही. वन्समोअर गाण्याला द्यायचा, जीव भरून द्यायचा. त्या शब्दाची शिवी केली मेल्यांनी! कॉन्व्हेंटात नन्स टाळ्या वाजवायलासुद्धा शिकवायच्या, तेव्हा आम्ही फिदीफिदी हसायचो.
डोंबिवलीतला गणपतीचा मांडव आठवतो. पेट्रोमॅक्स, घरून नेलेल्या सतरंज्या. एवढासा दिनू नाटकात साप चावून मेला. सकाळी कोपरची कोळीण दारात, त्याला जिवंत बघून भडकलीच. "मेलास ना रं काल? मना जेवान गेला नाय!" वर वाट्यात दोन बोंबील जास्त टाकले.
त्या बाईसाठीच हा अजून मरतोय. तशी माणसं आता कुठे...

१२ फेब्रु.
निर्माते घरी. रविवारी ठाण्याला प्रयोग. आधी पडद्यापुढे येऊन माफी, नाहीतर भूमिका दुसऱ्याला.
"माफी? मेलेल्या माणसाने?" दिनू.
"ताई, तुमचं ऐकतात ते."
"माझं ऐकत असता तर आज बँकेत मॅनेजर असता."
चहात साखर मुद्दाम कमी घातली. ते गेल्यावर दिनू हळूच म्हणाला, "ताई, हे सुटलं तर मी दिवसभर करू काय गं?"
मी त्याच्या कपात आणखी एक चमचा साखर घातली.

१५ फेब्रु., रविवार
नाटकाची गाडी खाली उभी. निर्माते बाहेरच्या खोलीत; माफीचं दिनू अजून "बघू" एवढंच म्हणतोय.
खोटी दाढी दिनूला चालत नाही, म्हाताऱ्यासाठी स्वतःची वाढवलेली आहे. ती नसेल तर आज तो रंगमंचावर जाऊच शकत नाही. मघाशी वस्तरा घेऊन मोरीत गेला, कडी लावली. "गालावरची जरा नीट करतो," म्हणाला. जरा नीट करायला एवढा वेळ?
"येतायत ना?" निर्माते.
"बसा," म्हटलं.
आत नळ वाहतोय, वस्तऱ्याची खरखर थांबत नाही. मी दार वाजवलेलं नाही.