छातीतला पाट

१२ जानेवारी
विहिरीवरची मोट थारोळ्यात, काठच्या दगडी कुंडीत, रिकामी व्हायची तो आवाज — भस्स, आणि मग पाटानं खळखळ. साठ वर्षांनी आज पुन्हा ऐकला. साताऱ्यात, हृदय तपासायच्या एकोच्या मशीनमधून. डाव्या कुशीवर झोपवलं, बरगड्यांवर गार जेल. "काका, श्वास रोखा." मी मनात भुजंगप्रयात धरला. काळीज चाल सोडत नव्हतं.

डॉक्टरीणबाई पडद्यावर दोन फुल्या ठेवून अंतर मोजत होत्या. हृदयातून निघणारी महाधमनी — माझ्या हिशेबी थोरला पाट — मुळाशी फुगलीय. चार पॉइंट सात सेंटिमीटर. आणखी वाढली तर ऑपरेशन. तोवर बीपीची गोळी, सहा महिन्यांनी पुन्हा एको.

"वडील कशानं गेले?"

मोट हाकताना आबांच्या पाठीत कळ आली. बसले ते उठलेच नाहीत.

त्यांनी कागद पुढं ओढला. "सख्खं कोण कोण आहे? सगळ्यांचा एको करा. फुटेपर्यंत कळत नाही हे."

१४ जानेवारी
मुलाचा, उदयसिंहाचा, एको चांगला आला. राहिला बाळासो.

१५ जानेवारी
बाळासो — धाकटा भाऊ. कवठे महांकाळकडे शेतावर असतो. नऊ वर्षं बोलणं नाही. आई गेली त्या दिवशी मी कवितागायनाच्या स्पर्धेला परीक्षक. फोन बंद. पोचलो तेव्हा चिता विझत आलेली. "आता तुज्या मातीलाच यीन," म्हणाला. माझा फोन उचलत नाही. उदयसिंहाचाही नाही.

१६ जानेवारी
शेवटी पोस्टकार्ड लिहिलं. आबांची कळ, माझा आकडा, तू एको करून घे — सगळं. कोपऱ्यावर शाई सांडली. तेवढा कोपरा फाडला आणि कार्ड पेटीत टाकलं.

२१ जानेवारी
उत्तर नाही. माझ्या आकड्याचं काही वाटत नाही. त्याचा कुणी मोजलेलाच नाही.

२२ जानेवारी
सकाळी दारात बाळासो. डोळे सुजलेले, एका हातात माझं कार्ड, दुसऱ्या हातात झेंडूचा हार. मला खुर्चीत चहा पिताना बघून उंबऱ्यावरच बसला.

"दादा, जित्ता हाईस व्हय रं?"

"कार्ड वाचलं नाहीस?"

"पोस्टमन म्हनला, तुज्या घरचं पत्र. कोपरा फाटल्यालं म्हंजी मयताचं. चष्मा कुटं हुडकत बसू? घावंल ती गाडी धरली."

हार खुंटीला अडकवलाय. आज अकरा वाजता त्याचा एको.