साठ पावलांवरचं लग्न

पेडणे,
२० जानेवारी १९९२

आदरणीय सगुणबाब यांस गोकुळदासचा नमस्कार.

वर जी जागा कोरी दिसते ती 'श्री'ची आहे. वर्षाच्या आत लिहावा की नाही हे मला ठाऊक नाही आणि जिला विचारायचं ती घरात नाही, म्हणून जागा सोडली आहे. चालत असेल तर तुमच्या हाताने घाला. तुमची साखर (रक्तातली, दुकानातली नव्हे) ताब्यात असेल अशी आशा आहे. वहिनींचा गुडघा, शेवंतीआतेंचा खोकला आणि मांडवासाठी सांगितलेले बांबू यांची खुशाली कळवावी. इकडे मी आणि मांजर ठीक आहोत. मांजराचं वजन थोडं वाढलं आहे, त्याचं कारण पुढे येईल.

तुमचं पत्र पोचून महिना झाला. तुमच्या सुविधाचं लग्न फाल्गुनात ठरलं हे वाचून फार बरं वाटलं. सहा वर्षं ती आमच्याकडे राहून शिकली. रोज सकाळी तिची वेणी घालताना तारा जे ओरडायची ते माझ्या कानात अजून आहे. ताराला जाऊन वर्ष झालेलं नाही, तेव्हा मी मांडवात पाऊल ठेवू नये, असं शेवंतीआते म्हणतात, हे तुम्ही कळवलंत. ते लिहिताना तुमची शाई दोन ठिकाणी पसरली आहे. सगुणबाब, तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. आते तुमच्या घरातल्या सगळ्यांत मोठ्या, त्यांचा शब्द मोडायचा नाही. मी मांडवात येणार नाही. पण लग्न मी बघणार आहे. कसं, ते सांगायला हे पत्र. (एवढं लांब पत्र मी आयुष्यात लिहिलेलं नाही. लग्नाआधी मी ताराला एकच पत्र पाठवलं होतं. ते चार ओळींचं होतं आणि त्यातल्या दोन ओळी बसच्या वेळेच्या होत्या.)

तुमचं पत्र आलं त्याच आठवड्यात, शुक्रवारी, मी म्हापशाच्या बाजारात कोयत्याला मूठ घ्यायला गेलो. जुनी कुलपं आणि बंद घड्याळं विकणारे जिथे बसतात तिथे एका म्हाताऱ्याच्या गोणपाटावर एक काळी नळी पडली होती. वरवंट्याएवढी, तेवढीच जड, दोन्ही तोंडांना काच. मी ती उचलून पाहिली, एवढंच. बोललो काहीच नाही. पण बाजारात न बोलणाऱ्या माणसाला विकणारे फार मन लावून विकतात. म्हातारा मला थेट मालक करून म्हणाला, "पात्रांव, बोटीच्या कप्तानाची दुर्बीण ती." दुर्बिणीला दोन नळ्या असतात, असं मी हळूच म्हटलं. तो जराही न अडखळता म्हणाला, "एका दोळ्याचो कप्तान आसलो तो!" सगुणबाब, तारा गेली त्या मे महिन्यापासून मी हसलो नव्हतो. तिथे भर बाजारात हसू यायला लागलं, ते दाबण्याच्या गडबडीत मी ती नळी विकत घेतली. मूठ राहिली. कोयता अजून तसाच बोडका आहे.

घरी आल्यावर ही वस्तू आहे तरी काय, हे ठरवायचं काम सुरू झालं. तुम्हाला माहीतच आहे, मी तुयेच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याचं स्टोअर सांभाळतो. आलेल्या मालावर काय छापलं आहे ते वाचायचं आणि व्हर्नियरने मोजून ते खरं आहे का बघायचं, यातच माझा जन्म गेला. नळीच्या तोंडाभोवती जे कडं होतं त्यावरचं कंपनीचं नाव घासून गेलं होतं. 'जपान' तेवढं शिल्लक होतं आणि पुढे '८०-२०० मि.मी.'. मी व्हर्नियर घेऊन बसलो. लांबी मोजली, घेर मोजला, काच मोजली. कुठेच ऐंशी येईना आणि कुठेच दोनशे येईना. सवयीने एका कागदावर 'माल नमुन्याप्रमाणे नाही, परत करावा' असं लिहून सहीसुद्धा केली. बाजूला '१:४.५' असंही होतं. ते मी गवंड्याच्या रीतीने घेतलं (एक घमेलं सिमेंटला साडेचार वाळूची) आणि नळी बांधकामातली असावी असं ठरवून त्या दिवशी जेवलो.

खरी ओळख पटली ती मागच्या बाजूने. तिथे आटे होते. माणसाच्या चेहऱ्यावरून मला फारसं काही कळत नाही, पण आट्यांवरून कळतं. बेचाळीस मिलिमीटरचं तोंड, आट्याआट्यात एक मिलिमीटर अंतर. असे आटे मी कुठेतरी पाहिले होते आणि कारखान्यात नक्की नव्हे. तिसऱ्या दिवशी दात घासताना आठवलं. तुम्ही मस्कतहून ताराला आणलेला कॅमेरा! ती त्याची पुढची काच फिरवून काढायची आणि जुन्या धोतराच्या तुकड्याने पुसायची. मी तसाच, तोंडात पेस्टचा फेस घेऊन, कपाटाकडे गेलो. कॅमेऱ्याची काच फिरवून काढली आणि ही नळी लावली. ती फिरत फिरत गेली आणि घट्ट बसली, जणू काही कुठे गेलीच नव्हती. (कॅमेऱ्याला मी त्याआधी कधी हात लावला नव्हता. तो ताराचा होता.)

डोळा लावला तर आत अमावास्या. मला वाटलं, कप्तानाचा तो एक डोळाही गेला की काय. मग म्हापशाला फोटो स्टुडिओ चालवणाऱ्या सुदेशकडे नळी नेली. त्याने एक कडं फिरवलं, आतल्या पत्र्याच्या पाकळ्या उघडल्या आणि उजेड पडला. ही झूम लेन्स आहे, पंचवीस वर्षांपूर्वीची, असं त्याने सांगितलं. ऐंशी ते दोनशे हे तिचं माप नव्हे, लांबचं किती जवळ ओढते त्याचा आकडा आहे. नळी मागे-पुढे सरकवली की माणूस मागे-पुढे होतो. फक्त म्हातारपणामुळे तिचा जोर गेला आहे. तोंड खाली केलं की ती आपोआप लांब होते आणि वर केलं की आखूड होते, आमच्या कारखान्याच्या मॅनेजरच्या चेहऱ्यासारखी. आत बुरशीही होती, कोळ्याच्या जाळ्यासारखी. उन्हात ठेवा, तो म्हणाला. कॅमेऱ्यात अर्धं रीळ तसंच होतं तेही त्याने धुऊन दिलं. अकरा फोटो निघाले. नऊ सुविधाचे, एक आमच्या फणसाचा आणि एक माझा, आरामखुर्चीत तोंड उघडून झोपलेला. तारा एकातही नाही. कॅमेरा नेहमी तिच्याच हातात असायचा.

तर ऊन. आमच्या घराला ऊन पार्वतीबायच्या खळ्यातून येतं. पार्वतीबाय म्हणजे शेजारीण, तारा गेल्यापासून मला रोज वाटीभर हुमण, म्हणजे माशांची आमटी, पाठवते आणि वाटी परत न्यायला आली की माझं घर कसं घाण आहे ते सांगते. तिने चटईवर सुंगटं, म्हणजे कोळंबी, सुकत घातली होती. तिथेच कडेला दोन लाकडांवर मी लेन्स ठेवली, म्हणजे खालून वारा लागेल. एवढी मोठी काच उन्हात ठेवल्यावर काय होतं हे आम्हाला शाळेत शिकवलं होतं आणि मी त्या परीक्षेत पासही झालो होतो. अर्ध्या तासाने पार्वतीबायची हाक आली, "गोकुळदासा, तुजी दुर्बीण म्हजीं सुंगटां भाजता मरे!" खरोखरच एक सुंगट उत्तम भाजलं गेलं होतं आणि चटईला चवलीएवढं भोक पडलं होतं. भाजलेलं मांजराने खाल्लं. तेव्हापासून लेन्सला सुंगटांचा वास आहे आणि मांजर तिच्यापासून हलत नाही. रोज एक तरी सुंगट भाजून मिळेल या आशेवर ते खळ्यात बसून असतं आणि पार्वतीबायला दया येते. वजनाचं कारण हे.

आता मुख्य गोष्ट. तुमच्या अंगणापासून समोरच्या भाताच्या गिरणीपर्यंत साठ पावलं आहेत. दर गणेशचवथीला तुमच्याकडे जेवल्यावर ते पोटात उतरवायला मी ती चाललो आहे, चूक होणार नाही. गिरणीला गच्ची आहे. गच्ची म्हणजे मांडव नव्हे. तिथून लेन्स लावली तर आतेंचाही शब्द राहतो आणि लग्नही दिसतं. फक्त हात बसायला हवा. पेडण्यात सराव करणं शक्य नव्हतं. बायको जाऊन वर्ष नाही आणि गोकुळदास फोटो काढत फिरतो, हे तुमच्यापर्यंत माझ्या पत्राआधी पोचलं असतं. म्हणून या महिन्याच्या पहिल्या रविवारी मी बसने दूरच्या एका वाड्यावर, पंधरा-वीस घरांच्या वस्तीवर, गेलो, जिथे मला कुत्रंही ओळखत नाही. (तीन कुत्री होती. एकानेही ओळखलं नाही.) लेन्स जड, हातात हलते, तेव्हा तिच्यासाठी मी तीन पायांचं एक स्टँड केलं होतं. कारखान्यात दोनच रंग उरले होते, लाल आणि पांढरा. तेच मी पायांना पट्ट्या-पट्ट्यांनी दिले. दिसायला बरं दिसत होतं.

टेकाडावर स्टँड उभं करून मी खालच्या वाड्याकडे नळी रोखली. पावलं टाकून अंतर घेतलं, पुन्हा डोळा लावला, चिठ्ठीवर आकडा टिपला. एक माणूस वर आला आणि विचारायला लागला, "कितें मेजतात?" मला अनोळखी माणसाशी बोलायला जमत नाही हे तुम्ही जाणताच. मी खरं तेच सांगितलं, "साठ पावलां." तो धावत खाली गेला. सगुणबाब, त्या वाड्यात सहा महिने एकच विषय होता, नवी रेल्वे कुणाच्या जमिनीतून जाणार. हे मला कुठून माहीत? आणि जमीन मोजणाऱ्यांच्या काठ्या लाल-पांढऱ्या असतात हेही? पाव तासात चाळीसेक माणसं टेकाडावर. एकजण शहाळं फोडून माझ्या हातात देत होता. एक म्हातारी मागे उभी राहून मला शिव्या देत होती आणि मधूनच, सायबा, ऊन लागेल, सावलीत ये, असंही म्हणत होती. जो आधी आला होता त्याने मला बाजूला घेतलं आणि कानात म्हणाला, "हांगाच्यान नाका. म्हज्या भावाच्या भाटांतल्यान व्हरा. थंयचे माड पयलींच मेल्ल्यात." भाट म्हणजे माडांची बाग, रेल्वे इथून नको, तिथून न्या म्हणत होता, आणि भाऊ नेमका पाठीमागेच होता. तो ओरडला, "तुजे माड मेल्ले! म्हजे अजून फळतात!" हे दोघे सात वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते असं नंतर कळलं. त्या दिवशी सात वर्षांचं सगळं बोलून झालं.

मी मोठ्याने सांगितलं (मी! मोठ्याने!) की ही रेल्वेची नळी नव्हे, फोटोची आहे, माझ्या मेव्हण्याच्या मुलीच्या लग्नासाठी. कोणी विश्वास ठेवीना. लग्न साखळी गावात आणि हा इथे काय करतो? मग मला सगळंच सांगावं लागलं, तारा, वर्ष, आते, गिरणी. चाळीस माणसांसमोर. म्हातारीने शिव्या थांबवल्या आणि पदर डोळ्यांना लावला. शहाळंवाल्याने शहाळं परत मागितलं नाही, उलट दुसरं फोडलं. आणि मग सगळ्यांनाच फोटो हवा झाला. ते दोघे भाऊ एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून नळीच्या इतके जवळ येऊन उभे राहिले की काचेवर त्यांचा श्वास दिसत होता. मागे सरका, म्हटलं की आणखी पुढे येत. मी कळ दाबली. परतीच्या बसमध्ये मला पुन्हा सगळं आठवलं आणि मी हसायला लागलो, थांबताच येईना. कंडक्टरने मला उतरवून वाऱ्यावर बसवू का विचारलं.

रीळ धुऊन आलं. त्या दोघांच्या जागी दोन ढगांची गाठभेट झाल्यासारखं दिसतं. सुदेश म्हणाला, ही लेन्स सहा फुटांच्या आत आलेलं काही बघूच शकत नाही, तिची जातच तशी. तरी मी तो फोटो त्यांना पाठवून दिला. दोघांनी मिळून पत्र लिहिलं आहे की छान आला.

असो. सरावाच्या दृष्टीने रविवार अगदी वाया गेला नाही. वहिनींना नमस्कार, आतेंना नमस्कार, सुविधाला अनेक आशीर्वाद.

आपला,
गोकुळदास

ता. क. गिरणीच्या मालकाकडे त्या दिवसापुरती गच्चीची किल्ली मागून ठेवावी. रंगाबद्दल काळजी नको, स्टँड आता काळं केलं आहे. गिरणीच्या बाजूला मांडवाच्या झावळ्या जरा वर बांधायला सांगा. आणि अंतरपाट दूर झाल्यावर सुविधाने एकदा, एकच वेळ, मान वर करून गिरणीकडे बघावं. तिच्या वेणीत ताराची चांदीची पिन लावायला मी पार्सलने पाठवतो आहे.

ता. क. २. वर लिहिलेलं सगळं खरं आहे, पण एक गोष्ट लिहायची टाळली. पाकीट बंद करण्याआधी लिहितो. टेकाडावरचे साठ पावलांचे फोटो चांगले स्पष्ट आले आहेत. त्यात खालच्या वाड्यातली माणसं माझ्या अंगठ्याएवढी आहेत. सुदेशला विचारलं, दोनशेवर ओढून सुविधा केवढी येईल? तो म्हणाला, अंगठ्याएवढीच. पिन दिसेल का विचारलं. त्याने लेन्स फडक्याने पुसली आणि माझ्या हातात दिली.

ता. क. ३. तेव्हा एकदा आतेंना विचारून पाहा, वर्षाच्या आतल्या माणसाने किती लांब उभं राहायचं असतं. पन्नास पावलं चालतील का? तीस? त्या स्वतः चाळीस वर्षं प्रत्येक लग्न स्वयंपाकघराच्या दारातून बघत आल्या आहेत, असं तारा सांगायची. तिथून मांडव दहा-बारा पावलं असेल. त्या दारात त्यांच्या बाजूला आणखी एक माणूस मावत असेल तर कळवा. आणि सुविधा पाया पडायला दारापर्यंत आलीच, तर लेन्सची अडचण नाही, ती मी मांजराजवळ ठेवून येईन. सहा फुटांच्या आत तिला दिसत नाही. मला दिसतं.