उजवी नडगी आणि पोलीस भरती

५ डिसें.
पहाटे ग्राउंड. दुसऱ्या फेरीलाच उजवी नडगी ठणकली. आधी अंग गरम झालं की कळ राहायची, आता राहत न्हाई. अप्पा कडेनं ओरडले, "पाय उचल! रगडा बसल्याबिगर पोलीस हुतंय व्हय?" फौजेतनं रिटायर झाले, आवाज झाला न्हाई.

८ डिसें.
रूपालीला सांगितलं. तीपण भरतीचंच पळते. म्हणाली, "डॉक्टरकडं जाऊ नगंस बाई. दुखण्याचा कागद झाला की मेडिकलला भरतीतनं काढत्यात." ग्राउंडवर सगळ्याच पोरी असं म्हणतात. स्प्रे, क्रेप बँडेज, वर गोळी. खरंच काढतात का? विचारू कुणाला?

११ डिसें.
झोपेत कळ आली. पळत नव्हते, तरी! चाचपलं. एकाच जागी हाय, बोटाखाली मावेल एवढी. दाबलं की जीव जातोय. आईला बोलले न्हाई, ती लगेच अप्पांना...

१४ डिसें., रविवार
औंध. डोंगरावर यमाईला. माझ्या भरतीसाठी अप्पांचा नवस. चढले कशीबशी. उतरताना कठडा धरून, आडवी, एकेक पायरी. मागं बघितलं तर अप्पा वरच थांबलेले, माझ्या पायाकडं बघत. मेले आता.

१५ डिसें.
पहाटे बूट जागेवर न्हाईत. अप्पा गाडी काढून उभे. "चल साताऱ्याला, डॉक्टरकडं." रडायलाच आलं. "अप्पा, कागद झाला तर?"
"हू दे. काल वर थांबलो ते तुझ्यासाठी न्हवं. मलाबी उतरवंना. नोकरीत गुडघा लपवला, त्याचं हे."
इतकी वर्षं कळलंच न्हाई आम्हाला.
डॉ. चिडले. "पळून वाढतं, झोपेत दुखतं, एका जागी दाबलं की कळ येते. एवढं झाल्यावर कशाची वाट बघत होता?" एक्सरेत काही न्हाई. सुटले म्हटलं! तर म्हणे, हाडाची सुरुवातीची चीर एक्सरेत दिसतेच असं नाही. एमआरआय केला. रिपोर्ट येईस्तोवर पळणं बंद, न्हाईतर हाड पुरतं मोडेल.
भरतीची ग्राउंड परीक्षा पुढच्या महिन्यात. देवा.

१७ डिसें.
रिपोर्ट उद्या. रूपालीचा फोन, "कुटं हायस गं?" उचलला, पण सांगवलं न्हाई.
सवयीनं पहाटेच जाग आली. बाहेर अप्पा माझे बूट धूत बसलेले. गुडघा लांब करून.
"एवढ्या थंडीत वाळायचे कवा?" मी म्हटलं.
"म्हणूनच धुतोय," म्हणाले.