सुपाचा वारा

गोरेगाव (जि. गोंदिया), गुरुवार, १२ मे २०१६, संध्याकाळ

आजही तेच. रस्त्यावर पायांचा जोर मोजणाऱ्या मीटरवर दोनशे वॅट आरामात टिकतात, पण धानाच्या खोलीत ट्रेनरच्या स्टँडवर, जागच्या जागी चालवायला, सायकल अडकवली की थोड्याच वेळात आकडा घसरतो. पाय तेच, सायकल तीच, मग जोर जातो कुठे? देवरीची शर्यत तोंडावर आलीय. बिघाड मीटरमध्येच असणार, असं बायकोला तावातावानं सांगत होतो.

मंगला सूप घेऊन आली. वाटलं, तांदूळ पाखडायला बसेल. पण ती माझ्यासमोर उभी राहिली आणि धान उडवताना देतात तसा सुपानं वारा देऊ लागली.

"एका जागी पायडल मारून राहिले जी, वारा कुठून लागन तुमाले?"

खोलीला ना खिडकी, ना पंखा; अंग तापून जोर ओसरत होता. हे मला काऊन सुचलं नाही?

आकडा सावरला. दोनशे. मग थोडा वरच. मी ओरडलो, "देख वो, ताकद वाढून राहिली माही!"

मी उतरेपर्यंत सूप हलत होतं.

मघाशी भात वाढताना तिच्या हातातून पळी निसटली. "हात भरून आले," म्हणाली.

मीटर फक्त माझ्या पायांना लावलंय.